खिशातल्या दुर्बिणी : ८×२५ की १०×२५, आणि जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

रानवाटा (धागाकर्ती)

नमस्कार. रोजच्या फिरण्यात कायम सोबत राहील अशी छोटी दुर्बीण घ्यायची आहे. मुख्यतः पक्षी, अधूनमधून फुलपाखरं. चष्मा आहे आणि तो न काढता बघायचं आहे. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत हवं. समोर तीन पर्याय आहेत.

अ) ८×२५, रिव्हर्स पोरो, स्वस्तातली.
ब) ८×२५, रूफ प्रिझम, दोन बिजागऱ्यांची, फेज कोटिंगवाली. किंमत 'अ'च्या तिप्पट.
क) १०×२५, रूफ प्रिझम, किंमत 'अ'एवढीच. खोक्यावर नुसतं 'मल्टिकोटेड' आणि 'एचडी' लिहिलंय.

'अ' आणि 'ब'च्या चित्रात खरोखर तिप्पट फरक असतो का? आणि हातात घेतल्यावर काय काय तपासावं?

लोलक

'क' आधीच बाजूला काढा, म्हणजे खरी तुलना सुरू करता येईल.

नेत्रिकेतून (डोळ्याकडच्या भिंगातून) जो प्रकाशाचा गोल बाहेर पडतो (एक्झिट प्युपिल), त्याचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा मिमीतला व्यास (८×२५ मधला २५) भागिले वर्धन (त्यातला ८). ८×२५ ला तो ३.१ मिमी, १०×२५ ला २.५, ८×२० लाही २.५, ८×३२ ला ४ आणि ८×४२ ला सव्वापाच. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिमीच असते, त्यामुळे दुपारी यातली कुठलीही दुर्बीण उजळ वाटते. पहाटे किंवा दाट झाडीखाली बाहुली चार-पाच मिमी उघडते, आणि मग अडीच मिमीचा गोल तिला अर्धपोटी ठेवतो. चित्राचा उजेड या व्यासाच्या वर्गावर ठरतो : ८×२५ चा ९.८, १०×२५ चा ६.२५. म्हणजे काचा अगदी एकाच दर्जाच्या असल्या तरी १०×२५ चं चित्र तिसऱ्या हिश्शाहून जास्त अंधारं.

उजेडापेक्षाही मोठी अडचण डोळा बसवण्याची. गोल बाहुलीपेक्षा लहान किंवा जेमतेम तेवढाच असला की डोळा जरा सरकला तरी चित्राच्या कडेला चंद्रकोरीसारखी काळी सावली येते. पक्षी उडतोय, तुम्ही मान वळवताय, आणि सावली आत-बाहेर नाचतेय. त्यात हाताचा कंप आठऐवजी दहापट होऊन दिसतो, आणि हलकी दुर्बीण जडपेक्षा जास्तच थरथरते. कागदावर वाढलेला तपशील त्या थरथरीत वाहून जातो.

पाणकावळा

पण १०×२५ चा ट्वायलाइट फॅक्टर (कमी उजेडात किती दिसेल ते सांगणारा म्हणून देतात तो आकडा) १५.८ येतो आणि ८×२५ चा १४.१. म्हणजे कमी उजेडात १०×२५ सरस ठरायला हवी ना?

लोलक

तो आकडा म्हणजे वर्धन गुणिले व्यास, त्याचं वर्गमूळ. सूत्रात वर्धनाला आणि व्यासाला सारखंच वजन आहे, त्यामुळे नुसतं वर्धन वाढवलं तरी आकडा फुगतो. त्याच सूत्राने २५×२५ चा फॅक्टर २५ येईल, आणि तिचा गोल असेल फक्त १ मिमीचा. तिन्हीसांजेला त्यातून काय दिसणार! एक्झिट प्युपिल जवळपास सारखा असलेल्या दुर्बिणी एकमेकींशी ताडायच्या असतील तेवढ्यापुरताच हा आकडा कामाचा. छोट्या झूम दुर्बिणींचंही तेच. ८-२४×२५ मधला २४ हा आकडा खोक्यावर शोभतो, पण तिथे गोल एक मिमीच्या आसपास उरतो, दृश्यक्षेत्र आक्रसतं आणि झूमची यंत्रणा दोन्ही नळ्यांत तंतोतंत सारखी फिरत नाही.

भिंगरी

आता 'अ' विरुद्ध 'ब'. इथे प्रिझमचा (उलटी प्रतिमा सरळ करणाऱ्या आतल्या काचेच्या ठोकळ्यांचा) प्रकार समजून घेतल्याशिवाय किमतीचा अर्थ लागत नाही.

पोरो रचना जुनी आहे, इग्नाझिओ पोरो यांचं पेटंट १८५४ चं. तिच्या चारही परावर्तनांत पूर्ण आंतरिक परावर्तन होतं, म्हणजे कुठेही आरशाचा लेप लागत नाही. रिव्हर्स पोरोत हीच मांडणी उलटी : पुढची भिंगं जवळ, नेत्रिका लांब. म्हणून ती ठेंगणी होते.

छोट्या रूफ दुर्बिणींत बहुतेक ठिकाणी श्मिट-पेखान प्रिझम असतं. नळी सरळ आणि बारीक होते, पण दोन गोष्टी विकत घ्याव्या लागतात. पहिली आरशाची. या प्रिझमच्या एका पृष्ठभागावर पूर्ण परावर्तन होत नाही, तिथे लेप द्यावाच लागतो. ॲल्युमिनियमचा लेप ८७ ते ९० टक्के प्रकाश परतवतो, चांदीचा ९५ ते ९८, आणि डायइलेक्ट्रिक (धातूविरहित) थरांचा ९९ च्या वर. दुसरी गोष्ट फेज कोटिंगची. छपरासारख्या कडेवर किरणांचे दोन भाग होतात, दोन्ही उतारांवरून उलटसुलट क्रमाने जातात आणि पुढे पुन्हा एकत्र येतात. वाटेत त्यांच्या ध्रुवीभवनात फरक पडतो, त्यामुळे एकत्र येताना बारीक तपशिलाचा काँट्रास्ट मरतो. पिसांवरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात, फोकस कितीही फिरवला तरी. यावरचा लेप झाइस या जर्मन कंपनीने १९८८ मध्ये आणला. पोरोला त्याची गरजच नाही, कारण तिथे छप्पर नाही.

म्हणून सारख्याच किमतीत रिव्हर्स पोरो आणि फेज कोटिंग नसलेली रूफ समोर असेल तर मी डोळे झाकून पोरो सुचवेन. 'अ' आणि 'क' एका किमतीच्या आहेत, यातच उत्तर आलं.

'ब'मध्ये तुम्ही आधी पोरोची बरोबरी करण्याचे पैसे देता, आणि त्यापुढे पाणबंद नळी, कमी जाडी आणि बहुधा बरी नेत्रिका मिळते.

लोलक

भिंगरी यांच्याशी सहमत. "तिप्पट फरक असतो का" याला एक आकडेमोड जोडतो. २५ मिमी भिंगाची सैद्धांतिक पृथक्करण मर्यादा ११६ भागिले २५, म्हणजे साधारण ४.६ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). आठपट झाल्यावर ती डोळ्यासमोर ३७ आर्कसेकंद होते. चांगल्या डोळ्याची मर्यादा ६० च्या आसपास. म्हणजे ठीकठाक बनवलेली ८×२५ सुद्धा चित्राच्या मध्यभागी डोळ्याला पुरून उरते. मध्यभागाच्या तीक्ष्णतेत तिप्पट फरक दिसणं शक्यच नाही, कारण डोळाच आधी थांबतो.

जास्तीचे पैसे दिसतात ते इतरत्र : उजेडाविरुद्ध बघताना काळा रंग काळा राहतो की राखाडी होतो, कडेपर्यंत चित्र किती तीक्ष्ण राहतं, दृश्यक्षेत्र किती रुंद आहे, चष्म्यातून पूर्ण चित्र दिसतं का, आणि पाच वर्षांनी दोन्ही नळ्या एका रेषेत राहतात का. या पाचांतलं जे तुम्हाला लागतं, त्याचेच पैसे मोजा.

लेपांचा हिशोबही सोपा आहे. लेप नसलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, एकेरी लेप असेल तर दीडच्या आसपास, चांगल्या मल्टिकोटिंगला अर्ध्या टक्क्याहून कमी. हवेला लागलेले दहा पृष्ठभाग धरले तर शेवटी अनुक्रमे ६६, ८६ आणि ९५ टक्के प्रकाश उरतो. 'मल्टिकोटेड' याचा अर्थ 'काही पृष्ठभागांवर थर आहेत' इतकाच. 'फुल्ली मल्टिकोटेड' असेल तरच सगळे पृष्ठभाग धरायचे. 'एचडी' या शब्दाला तर कसलंच ठरलेलं माप नाही. आणि परत फेकलेला प्रकाश नुसता वाया जात नाही, तो नळीत भटकून चित्रावर पांढुरका पडदा धरतो. दहा टक्के उजेड कमी झाला तर डोळा फारसा दाद लागू देत नाही. पडदा मात्र लगेच जाणवतो.

चष्मेवाला

चष्मा न काढता बघायचं आहे, तेव्हा आय रिलीफ (नेत्रिकेपासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) किमान १५-१६ मिमी हवा. छोट्या स्वस्त दुर्बिणींत तो पुष्कळदा १०-१२ असतो, मग चित्राचा फक्त मधला भाग दिसतो आणि रुंद दृश्यक्षेत्राचे पैसे फुकट जातात.

छापलेला आकडा भिंगाच्या पृष्ठभागापासून मोजलेला असतो. भिंग आयकपच्या (नेत्रिकेभोवतीच्या वर-खाली होणाऱ्या कड्याच्या) कडेपेक्षा खोल बसवलेलं असेल तर त्यातले दोन-तीन मिमी तिथेच गेले. म्हणून आकड्यावर न थांबता आयकप पूर्ण खाली करा, चष्मा लावून आकाशाकडे बघा, आणि चित्राभोवतीची काळी गोल कड सगळीकडून एकदम स्पष्ट दिसते का ते पाहा. कड दिसत नसेल तर दुर्बीण तुमच्यासाठी नाही, बाकी सगळं कितीही उत्तम असो.

दोन बिजागऱ्यांच्या दुर्बिणीत आणखी एक काळजी घ्या. प्रत्येक वेळी उघडताना दोन्ही बाजू सारख्याच उघडायला हव्यात, नाहीतर एका डोळ्यापुढे सावली येते. झाइसच्या छोट्या दुर्बिणींत बिजागरी एकाच बाजूला आहे, त्यात हा घोळ होत नाही.

शेकाट्या

हातात घेतल्यावर काय तपासायचं ते क्रमाने लिहितो. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे.

सुरुवात मागून करा. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे रोखा आणि नेत्रिकेतला प्रकाशाचा ठिपका नीट पाहा. चांगल्या प्रिझमचा ठिपका चोख गोल, एकसारखा पांढरा, आणि त्याभोवती गडद काळं. पोरो दुर्बिणीत बीके७ काच (प्रिझमच्या दोन नेहमीच्या काचांतली साधी; दुसरी बाके४) असेल तर गोलाच्या कडा राखाडी होऊन मधे चौकोनासारखा उजळ भाग दिसतो. बीके७ चा अपवर्तनांक १.५१७, बाके४ चा १.५६९. त्यामुळे पूर्ण परावर्तनासाठी लागणारा कोन बीके७ ला ४१.२ अंश, बाके४ ला ३९.६. कडेचे तिरपे किरण बीके७ मध्ये त्या कोनाच्या आत येतात आणि काचेतून निसटतात. रूफमध्ये ही खूण चालत नाही. तिथे गोल कापलेला दिसला तर प्रिझम किंवा आतला पडदा लहान पडलाय असं समजा. आता डोळा किंचित वर-खाली करा. ठिपक्याच्या अगदी लगत उजळ कोरी किंवा चमकते डाग दिसले, तर उजेडाविरुद्ध बघताना चित्र धुरकट होणार हे नक्की. झाइसची असो की बिननावाची, ही खूण खोटं बोलत नाही.

मग पुढच्या भिंगाचा खरा व्यास. काही स्वस्त दुर्बिणींत भिंग २५ मिमीचं असतं, पण आतल्या कडीने ते १८-२० वर आणलेलं असतं, म्हणजे दोष झाकले जातात. दुर्बिणीचा फोकस लांबच्या वस्तूवर ठेवा, लहान टॉर्च दोनेक मीटर मागे ठेवून नेत्रिकेत प्रकाश टाका, आणि पुढच्या भिंगाला लागून पातळ कागद धरा. कागदावर उमटेल तो गोल पट्टीने मोजा. २४-२५ मिमी आला तर ठीक.

लेप पाहायला पांढऱ्या दिव्याखाली भिंग तिरपं करा. दिव्याच्या अनेक प्रतिमा आत दिसतील. हिरव्या-जांभळ्या, मंद प्रतिमा म्हणजे थर आहेत. एखादी झगझगीत पांढरी प्रतिमा म्हणजे तो पृष्ठभाग उघडा आहे. पुढून पाहा, मागूनही पाहा. आरशासारखी लालभडक भिंगं सरळ परत करा. ती लाल प्रकाश बाहेरच फेकतात, त्यामुळे चित्र हिरवट-निळसर होतं.

फेज कोटिंग आहे असं सांगितलं जातं, पण ते तपासताही येतं. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा, दुर्बीण त्याकडे रोखा आणि नेत्रिकेतला ठिपका ध्रुवीभवनाच्या (पोलराइज्ड) गॉगलमधून पाहत गॉगल हळूहळू फिरवा. ठिपक्याच्या मधोमध रेघ पडून दोन अर्ध्यांचा उजेड किंवा रंग वेगळा दिसला तर लेप नाही. दोन्ही अर्धी एकत्रच उजळ-मंद होत असतील तर आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही नळ्यांची जुळणी. दुर्बीण टेकवून स्थिर करा, लांबची एखादी आडवी रेषा पकडा, छपराची कड किंवा तार चालेल. मग डोळे नेत्रिकांपासून हळूहळू १०-१५ सेंमी मागे न्या. दोन वेगळे गोल दिसायला लागतील. दोन्हींत रेषा एकाच उंचीवर हवी. उंचीतला फरक डोळ्याला अजिबात सोसत नाही. मेंदू प्रतिमा जुळवून घेतो, म्हणून दोष पहिल्या मिनिटात कळत नाही, दहा मिनिटांनी कपाळ दुखायला लागतं. छोट्या दुर्बिणींत प्रिझम बहुधा डिंकाने किंवा पातळ पट्टीने बसवलेलं असतं, एका पडण्यात ते सरकतं. हे घरी दुरुस्त करायला जाऊ नका.

रानवाटा

फार उपयोगी. डायॉप्टरची रिंग दरवेळी फिरवावी लागते का? आणि कडेची तीक्ष्णता कशी ताडायची?

शेकाट्या

डायॉप्टर (दोन डोळ्यांतला फरक जुळवणारी रिंग) एकदाच लावायचा, पण नीट. २०-३० मीटरवरची बारीक मजकुराची पाटी घ्या. उजव्या नळीचं पुढचं भिंग हाताने झाका, दोन्ही डोळे उघडेच ठेवा. एक डोळा मिटला की दुसऱ्यावरही ताण येतो आणि माप चुकतं. मधल्या चाकाने डावी बाजू स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजवी रिंग पूर्ण अधिक बाजूला नेऊन तिथून हळूहळू परत आणा आणि अक्षरं पहिल्यांदा स्पष्ट होतील तिथेच थांबा. पुढे नेलं तर डोळा स्वतःच जोर लावून दोष भरून काढतो. आकडा लक्षात ठेवा. खिशात ठेवताना रिंग आपोआप सरकत असेल तर तो दुर्बिणीचा दोष आहे.

कडेसाठी तीच पाटी चित्राच्या मध्यापासून कडेकडे न्या आणि अक्षरं कुठे विरघळतात ते पाहा. तिथेच थांबून फोकस फिरवा. अक्षरं परत स्पष्ट झाली तर ती नुसती क्षेत्रवक्रता (मध्य आणि कड एकाच वेळी फोकसमध्ये न येणं), पक्षी बघताना ती फारशी आड येत नाही. फोकस फिरवूनही अक्षरं एका दिशेला ताणलेलीच राहिली तर तो ॲस्टिग्मॅटिझम, आणि तो अर्ध्या त्रिज्येच्या आतच सुरू होत असेल तर दुर्बीण सोडून द्या.

पाणकावळा

रंगांची कड पाहायला ढगाळ पांढऱ्या आकाशावरची काळी तार उत्तम. मध्यभागी जांभळी-हिरवी कड दिसायला नको, कडेला थोडी चालते. मात्र आधी डोळा नेत्रिकेच्या बरोबर मध्यावर आणा. डोळा तिरपा असेल तर चांगल्या ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या) काचेतूनही रंग दिसतात, आणि बिचारी दुर्बीण बदनाम होते.

टेहळणी

नावं घेऊन थोडं. आकडे तुलनेसाठी.

झाइस टेरा ईडी पॉकेट ८×२५ : ३१० ग्रॅम, १००० मीटरवर ११९ मीटर दृश्यक्षेत्र. मधल्या किमतीत चष्मेवाल्यांना सर्वांत आधी हीच सुचवावी.
झाइस व्हिक्टरी पॉकेट ८×२५ : २९० ग्रॅम, १३० मीटर. वरच्या पातळीची. उजेडाविरुद्धचा काँट्रास्ट आणि रुंदी इथे उघड दिसते.
स्वारोव्स्की सीएल पॉकेट ८×२५ : ३५० च्या जवळपास, ११९ मीटर. दोन बिजागऱ्या, डोळा सहज बसतो.
लायका अल्ट्राविड ८×२० : सुमारे २४० ग्रॅम. सर्वांत छोटी, चित्र सुंदर, पण गोल अडीच मिमीचा. लोलक यांनी वर लिहिलेली अडचण कोणत्याही किमतीला सुटत नाही.
पेंटॅक्स पॅपिलिओ ६.५×२१ : रिव्हर्स पोरो, अर्ध्या मीटरवर फोकस होते. जवळचं बघताना पुढची भिंगं एकमेकांकडे सरकतात, म्हणून दोन्ही डोळ्यांचं चित्र एकत्र राहतं. फुलपाखरांसाठी हिला तोड नाही. पाणबंद मात्र नाही.

१०० मीटर दृश्यक्षेत्र म्हणजे साधारण ५.७ अंश, दर अंशाला साडेसतरा मीटर. खोक्यावर आभासी क्षेत्र (वर्धनानंतर डोळ्याला दिसणारा चित्राचा कोन) दिलेलं असेल तर सूत्र कोणतं वापरलंय ते पाहा. ६.८ अंश गुणिले ८ केलं तर ५४ येतात, आयएसओ १४१३२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या सूत्राने ५१. दुर्बीण तीच.

वजनाची मर्यादा शंभर ग्रॅमने वाढवता आली तर ८×३० चा विचार जरूर करा. निकॉन मोनार्क एचजी ८×३० साडेचारशे ग्रॅमची आहे आणि १४५ मीटर दाखवते. गोल पावणेचार मिमीचा, डोळा ठेवला की बसतो.

रानवाटा

वजन वाढवणार नाही. मग 'अ' घ्यावी की 'ब'?

भिंगरी

पाऊस, दव, धुकं यांत वापर असेल तर 'ब'. रिव्हर्स पोरो बहुतेक वेळा बंदिस्त नसतात. फोकस फिरवताना भाग आत-बाहेर होतात आणि दमट हवा आत ओढली जाते, तीच पुढे बुरशीचं कारण होते. 'ब' नायट्रोजन भरलेली आणि पाणबंद आहे ना, ते मात्र विचारून घ्या. 'पाण्याचे शिंतोडे सोसते' आणि 'पाण्यात बुडाली तरी चालते' यात बराच फरक आहे. आयपीएक्स ७ ही पाणबंदपणाची श्रेणी म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास.

कोरड्या हवेत, चष्म्यातून पूर्ण चित्र दिसत असेल, तर 'अ' घ्या आणि उरलेल्या पैशांत काही दिवसांनी पॅपिलिओ. एका मध्यम रूफपेक्षा ही जोडी जास्त दाखवते.

लोलक

एका मॉडेलच्या दोन नगांतही फरक पडतो, विशेषतः जुळणीत आणि फोकसच्या ढिलाईत. शक्य असेल तर दोन-तीन नग काढायला सांगा. ढिलाई पाहायला फोकस एका दिशेने स्पष्ट करा, थोडा पुढे नेऊन परत आणा. परत येताना चाक फिरतंय पण चित्र हलत नाही, असा टप्पा जेवढा लांब तेवढा उडत्या पक्ष्यावर फोकस धरणं कठीण.

धुकं

घेतल्यावरचं एवढंच. भिंगावर धूळ असेल तर आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश. त्यानंतरच लेन्स टिश्यूवर द्रवाचा एक थेंब घेऊन मध्याकडून कडेकडे गोल पुसा. द्रव टिश्यूवरच घ्यायचा, भिंगावर नाही, तो कडेने आत झिरपतो. सदऱ्याच्या टोकाने कोरडं पुसलं की धुळीचे कण लेपावर रेघा ओढतात, आणि छोट्या भिंगावरची रेघ मोठ्या भिंगावरच्या रेघेपेक्षा जास्त जागा खाते. भिजून आल्यावर दुर्बीण पाउचमध्ये कोंडू नका, रात्रभर उघडी वाळू द्या. एरवी हवाबंद डब्यात रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा, दाण्यांचा रंग पालटला की मंद आचेवर कोरडी करून परत वापरा. कातडी पाउचमध्ये वर्षभर ठेवू नका, कातडं ओल धरून ठेवतं आणि बुरशी तिथूनच काचेवर चढते.